ठिबकच्या नळीतली लाइन

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी.

ठरलं. मागच्या खोलीत लाइट मी स्वतः नेणार.

खोली म्हणजे वडिलांच्या काळातला म्हशींचा गोठा. परसाच्या पार टोकाला. म्हशी गेल्या, भंगार आलं. आता भंगारही निघालं, कारण सुलभाला तिथं केळीच्या वेफर्सचा गृहउद्योग टाकायचाय. काप करायचं इलेक्ट्रिक मशीन तिनं इंदूरहून मागवलंसुद्धा. इच्छापूरचे दगाशेठ देवीच्या देवळाजवळ दुकान चालवतात. नवरात्रात उपासाचे वेफर्स हातोहात खपतात म्हणे. त्यांनी तिला पहिली ऑर्डर दिलीय. ललितापंचमीला माल पोचला पाहिजे, नाहीतर ते दुसरीकडून घेतील.

म्हणजे वेळच वेळ आहे. लाइट नेणं हे दोन संध्याकाळचं काम.

कौतिक इलेक्ट्रिशियन केव्हापासून ‘कल आता हूँ’ म्हणतोय. आज फोन करून सांगितलं, आता येऊच नको. तो ठीक है म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

मी ऑफिसात इतकी वर्षं आवक-जावक सांभाळतो. करंट म्हणजे तरी काय? एक वायर आवक, एक जावक. नोंद चुकली नाही की झालं.

सुलभाला सांगितलं, तुझ्या उद्योगात मी टेक्निकल पार्टनर. ती म्हणाली, आधी बल्ब तर लागू द्या.

२७ ऑगस्ट, बुधवार.

गणपती बसले. शुभ दिवस म्हणून टेस्टर आणि पक्कड आणली. आरतीला टेस्टर शर्टाच्या खिशाला लावून उभा राहिलो. गल्लीतल्या दोघांनी विचारलं. बरं वाटलं.

काम उद्यापासून.

३१ ऑगस्ट, रविवार.

वरून तार न्यायची नाही. सुलभा तिच्यावर टॉवेल वाळत घालेल. अंडरग्राउंडच. पाइप घ्यायला शनवाऱ्याच्या बाजारात निघणार होतो, पण वरण-बट्टी झाली आणि डोळा लागला.

झोपेतच आयडिया आली. ललितकडच्या ठिबकच्या नळ्या! ललित म्हणजे सुलभाचा धाकटा भाऊ. बहादरपूरला त्याची केळी आहे. जुन्या नळ्यांची वेटोळी त्याच्या शेतात नुसती पडलेली असतात. काळी, मऊ, हवी तशी वळते, आणि फुकट. वायरीला आणखी काय पाहिजे?

एक आहे. थेंब थेंब पाणी पडायला तिला जागोजागी भोकं असतात. पण नीट विचार केला तर हे चांगलंच. वायरीला हवा लागेल. तापणार नाही. एवढ्या मोठ्या मोठ्या कंपन्या, कोणाला सुचलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार.

काल विसर्जन झालं. नळीचं वेटोळं येऊन पडलंय. ललितनं माणसाबरोबर पाठवलं, कशाला हवंय ते विचारलंही नाही. 

सुलभा म्हणाली, पितर लागताहेत, नवं काम काढू नका. मी सांगितलं, खणणं हे नवं काम नव्हे. माती जुनीच आहे.

खणलं. माती काळी, पावसानं लोण्यासारखी झालेली. फावड्याला चिकटली की सुटत नाही. हातभर खोल जायचं ठरलं होतं. वीतभर गेलो. वीत पुरते.

चर किचनच्या भिंतीपासून निघतो, धुण्याच्या नळाजवळून, ललितनं लावून दिलेल्या चार केळींच्या बुडाशेजारून खोलीपर्यंत. नळापाशी नळीला तीन तोंडांचा एक टी जोडला आणि त्याचं एक तोंड वर उघडं ठेवलं. पुढेमागे परसात दिवा लावायचा झाला तर सोय. माणसानं पुढचं बघावं.

८ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी.

ऑफिसातून लवकर निघालो. नळी चरात टाकली. माती लोटली, वर नाचून चोपली. आंघोळ केली. चहा घेतला.

चहा पिताना आठवलं. वायर आत घालायची राहिली.

सुलभाला बोललो नाही. नळी सेट व्हायला ठेवलीय, असं सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार.

वायर पुरलेल्या नळीतही ओवता येते. परकरात नाडी ओवतात तसंच. फक्त परकर लांब. सुलभाची एक नाडी घेतली, टोकाला सेफ्टी पिन, आणि ढकलली. थोडी गेली, मग अडली. मागे ओढली तर तिकडूनही अडली. नाडी अजून आतच आहे. ती आता नळीचा भाग समजायची.

शेवटी सगळी नळी उकरली. शेजारच्या मालूबाई भिंतीवरून बघत होत्या. काही हरवलंय का, विचारलं. मी म्हटलं, इन्स्पेक्शन चाललंय.

नळी परसात सरळ पसरली, खोबरेल तेल सोडलं आणि वायर सरकवली. दुसऱ्या टोकाला सुलभा बसली होती. खरं म्हणजे वायर तिनंच ओढून घेतली, पण मार्गदर्शन माझं. मग पुन्हा पुरली. कंबर गेली. सुलभानं रात्री शेकून दिली आणि कौतिकला बोलवायचं का, असं हळूच विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

किचनच्या बोर्डातून लाइन घेतली. खोलीत बोर्ड बसवला. सुलभा म्हणते तिरपा आहे. मान थोडी कलती केली की सरळ दिसतो.

चालू करून बघितलं नाही. उद्घाटनाचा मान राहायला पाहिजे. घटस्थापनेला संध्याकाळी बटण दाबायचं. त्याच दिवशी ललित कच्ची केळी आणणार. पंचमीपर्यंत माल तयार. सगळं प्लॅनमध्ये बसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

जे झालं ते लिहितो.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर खोलीत केळीचे हिरवेगार घड भिंतीला टेकवून ठेवलेले. ललित दुपारीच पिकअप घेऊन आला होता. मालूबाई ओवाळायला आल्या. नारळ होता. मी पाटावर उभा राहून चार शब्द बोललो. स्वावलंबन, स्त्रीचा उद्योग, त्यामागचा पुरुष वगैरे. मग बटण दाबलं.

बल्ब लागला नाही. बोर्डातून पाणी आलं.

आधी एक थेंब. मग धार. घरात मेन खटकन पडला आणि सगळं अंधारलं, फक्त घटापुढची समई तेवढी राहिली. सगळे बाहेर पळाले. पहिला मी होतो, पण ते रस्ता दाखवायला.

नळ बंद केल्यावर उलगडा झाला. ललित दुपारी माल उतरवून हात धुवायला नळावर गेला. तिथं त्याला ठिबकची नळी दिसली, पलीकडे चार केळी दिसल्या, नळाशेजारी उघडं तोंड दिसलं. त्यानं खिशातला जॉइंट काढून तोंड नळाला लावलं आणि पाणी बारीक सोडलं. ते बोर्डापर्यंत चढायला संध्याकाळ झाली. त्याला वाटलं जिजाजींनी केळीला ठिबक टाकलं, जोडायचं तेवढं विसरले. नळीत वायर असेल हे त्याच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं, असं तो तीन वेळा म्हणाला. वर म्हणाला, बाकी लाइन मस्त पडलीय, चारही झाडांना पाणी बरोबर मिळालं.

बहादरपूरच्या माणसाला काळी नळी दिसली की तो नळ शोधतो. त्याच्याशी काय बोलणार.

सुलभा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती घडांवरून हात फिरवत होती. कच्चं केळ एकदा पिवळं पडायला लागलं की त्याचे वेफर्स होत नाहीत. मग ते नुसतं केळ. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “केळी तुमच्यासाठी थांबणार नाहीत हो.”

फार वाईट वाटलं. चूक माझी नसतानाही वाटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी.

निर्णय घेतला. नळी वाळू द्यायची. दोन्ही टोकं उघडी ठेवलीत. वारा आहे. भोकंही आहेत, त्यांचा उपयोग आता कळेल. मी येईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही, असं सांगून ऑफिसला निघालो. सुलभानं ललितला आजचा दिवस थांबवून घेतलंय. भावाचा आधार वाटत असेल.

संध्याकाळी.

लाइट! खोलीत लाइट! मशीन खर्रखर्र चाललंय, केळीचे काप परातीत पडताहेत, सुलभाच्या कपाळावर घाम आणि तोंडावर हसू.

नळी वाळली. विचारलं, तर सुलभाही म्हणाली, हो, वाळली असेल. ललितला एकाएकी खोकला लागला. हवा बदलतेय.

गल्लीच्या तोंडाशी कौतिक मोटारसायकलला किक मारत होता. मी म्हटलं, बघ, तुझ्याशिवाय झालं. तो खाली बघून एक नंबर साहब म्हणाला आणि गेला. मनाला लागलं असेल बिचाऱ्याच्या.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

बारीकसा दोष. मालूबाईंनी त्यांच्या घरी मिक्सर लावला की आमच्या खोलीतला बल्ब मिचमिचतो. म्हणजे भिंतीतून आमचा करंट तिकडे खेचला जातोय. भिंतीपाशी जाऊन त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं, की शेजार आहे म्हणून चालवून घेतो, पण चटणी जरा पाट्यावर वाटा. त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. माणूस शरमला की असंच होतं. माफ केलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. ललितापंचमी.

माल वेळेवर इच्छापूरला पोचला. दगाशेठचा फोन आला, अजून पाठवा. सुलभा फोन ठेवून तशीच उभी राहिली, मग रडली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हिला स्वतःच्या कामासाठी इतकं आनंदलेलं मी बघितलं नव्हतं. हे सगळं एका वायरीमुळे.

पाकिटावर स्टिकर आलंय: ‘मालू-सुलभा गृहउद्योग’. मालूबाईंचं नाव कशाला, विचारलं. सुलभा म्हणाली, त्यांची मदत होते. होत असेल, पण नाव? रोज वेफर्सची पिशवीही भिंतीवरून तिकडे जाते. सुलभा मनानं फार मोठी.

टेक्निकल पार्टनरचं नाव बहुतेक पुढच्या छपाईत येईल.

२८ सप्टेंबर, रविवार.

एक चमत्कार नोंदवून ठेवतो. एवढं मशीन चालतंय, पण आमचं मीटर पूर्वीसारखंच हळू पळतंय. कारण सापडलं: हवेशीर वायर. नळीतल्या भोकांमुळे करंट वाया जात नाही.

ऑफिसातल्या सायबांच्या शेतावर नवी खोली होतेय. काल त्यांना म्हटलं होतं, लाइन मी टाकतो, फक्त ठिबकची नळी द्या. ते बघू म्हणाले. म्हणजे हो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सकाळी टेस्टर आणि पक्कड पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं. मग वाटलं, खरं शस्त्र तर मेन बोर्ड. त्यालाही झेंडूची माळ घालावी. देवाला चालू ठेवून कसं पुजायचं, म्हणून मेन बंद केला. पंखे थांबले, फ्रिज थांबला. घर चिडीचूप.

आणि मागून आवाज, खर्रखर्र.

मेन बंद. मशीन चालू.

पहिला विचार हा आला, की आपली वायर करंट साठवून ठेवते. माळ हातात तशीच घेऊन खोलीत गेलो. सुलभा केळी सोलत होती. मला बघून हात थांबला. बोर्डाकडे गेलो. बोर्ड सरळ होता. मान कलती न करताही सरळ. त्यातून निघालेली जाड केबल केळीच्या क्रेटमागे जात होती. क्रेट सरकवले. केबल मागच्या खिडकीतून बाहेर, भिंतीवरून, मालूबाईंच्या ओट्यावर.

माझी वायर खाली कोपऱ्यात होती. टेप लावून, गुंडाळून, व्यवस्थित. किचनच्या बोर्डातून पण काढलेली निघाली. त्या मंगळवारीच. कौतिकनं.

सुलभा म्हणाली, “तुम्ही एवढं खणलंत. सांगायला जीभ रेटेना.”

रागवायला गेलो तर राग येईना. मालूबाईंच्या मिक्सरचं आठवलं आणि कान गरम झाले. परत येऊन मेन चालू केला. माळ टेस्टरला घातली.

संध्याकाळी मालूबाई सोनं द्यायला आल्या. आपट्याची पानं दिली, मी वाकून नमस्कार केला. चटणी पाट्यावरच वाटते आता, म्हणाल्या.

५ ऑक्टोबर, रविवार.

ललित येऊन गेला. नळीतून माझी वायर ओढून काढली. तिच्याबरोबर परकराची नाडीही आली. मग टीचं तोंड पुन्हा नळाला जोडलं.

सुलभाच्या उद्योगात मला काम मिळालंय. रोज सकाळी नळ सोडायचा आणि केळी भिजली की बंद करायचा.

आज सोडला. चारही झाडांना पाणी सारखं पोचलं. मालूबाई भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, लाइन छान टाकलीत.

बंद केला.