माप डोक्यात आहे

३ मार्च
आजपासून नियम. पूर्ण झोप, दुपारचा चहा बंद, चिडचिड बंद. बाकी मी ठणठणीत. पंचवीस वर्षं कपडे शिवतेय, एकाही गिऱ्हाइकाचं माप कागदावर लिहिलेलं नाही. टेप एकदा फिरवली की डोक्यात छापलं.

५ मार्च, सकाळ
झोप नाही. घामाने उशी ओली. बँकेतल्या बाईंचा ड्रेस छातीत तंग झाला. म्हटलं, तुम्ही सुटलात. त्या म्हणाल्या, उलट वजन उतरलंय. खरं सांगितलेलं लोकांना झोंबतं.

८ मार्च
कात्री फ्रीजमध्ये सापडली. उकाड्यात गार कात्री बरीच. इस्त्रीला काय म्हणतात ते आठवेना. नवऱ्याला म्हटलं, ते गरम आण. त्याने चहा आणला. वाया कशाला घालवायचा? प्यायले.

११ मार्च
लेकीने ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, पाळी जाताना बऱ्याच जणींचं असं होतं, बहुतेकींचं निवळतंही. आधी झोपेचं बघू. तोवर लिहून ठेवत जा. लिहायला मी काय नवशिकी आहे? माझी आई शेवटी मलाच ‘बाई, तुम्ही कोण’ म्हणायची, ते सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.

१४ मार्च
सोमवारी लेकीची नोकरीची मुलाखत. कोट मीच शिवणार. ती म्हणाली, आई, माप घे. पोटच्या पोरीचं माप? हसू आलं. कापड एका कोटापुरतंच, पण एका दमात कापलं. हात अजून सफाईदार आहे.

१६ मार्च
बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. बटणं लागेनात. लेकीने कोट काढून नीट घडी घालून ठेवला, तेच लागलं. मग उमगलं. ती नववीत असताना शाळेचा कोट शिवला होता, त्याचं हे माप. ते मात्र तंतोतंत आठवलं. भीती वाटते. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१७ मार्च
लेक मैत्रिणीचा कोट घालून गेली. निघताना ताठ उभी राहिली, म्हणाली, आता घे माप. घेतलं. चिठ्ठीवर लिहिलं. आजपासून प्रत्येक गिऱ्हाइकाची चिठ्ठी. आता चूक होणं शक्य नाही.

२४ मार्च
लेकीला नोकरी लागली. नवं कापड आणलं, चिठ्ठ्यांचा डबा उघडला. आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या नीट, अक्षर सुबक. एकीवरही नाव नाही.
लेकीला हाक मारली. काही न विचारता ती पुन्हा ताठ उभी राहिली. माप मी लिहिलं. नाव तिने.