नववी ‘ब’चा डिजिटल उपवास

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज वर्गात ठिणगी पडली. सांगितलं, तुम्ही इथे रील बघता, तिकडे सर्व्हर तापतो, तो थंड ठेवायला वीज आणि पाणी लागतं. वर्ग सुन्न. मागचे दोन बाक झोपले होते, पण तेही सुन्नच धरायचे. मे महिन्यात रिटायर होतोय. त्रेचाळीसपैकी एक तरी पोर बदललं, तर एकतीस वर्षं सार्थकी लागली.

१८ नोव्हेंबर
येत्या रविवारी ‘डिजिटल उपवास’. दिवसभर फोन बंद. नाव मलाच सुचलं. सुनंदा म्हणाली, आधी तुमचे रोजचे ‘शुभ सकाळ’चे गुलाब थांबवा. बायकोला व्हिजन नाही.

१९ नोव्हेंबर
‘उपवास’ शब्द नडला. निहार विचारतो, सर, उपवासाला टीव्ही चालतो ना? लॅपटॉप? सईच्या मते डाउनलोड केलेला पिक्चर म्हणजे फराळ. वैतागून काय चालतं याची यादी केली. दोन पानं झाली. पीडीएफ ग्रुपवर टाकली.

२१ नोव्हेंबर
हेडबाईंना उपक्रमाचा पुरावा हवाय, जिओ-टॅगसकट. म्हणून प्रत्येकाने बंद फोनसोबतचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. शौनकने विचारलं, बंद फोनने व्हिडिओ काढायचा कसा? म्हटलं, घरच्यांच्या फोनने. अगाऊ कार्टं.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी १
बेचाळीस व्हिडिओ! काहींना तर बॅकग्राउंड म्युझिक. माझा फोन तापला, पंख्याखाली ठेवलाय. सुनंदा म्हणाली, एकादशी अन् दुप्पट खाशी. जळते. फक्त अक्षताचा व्हिडिओ नाही. उद्या बघतोच तिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अक्षताला उभं केलं. म्हणाली, सर, तुम्ही सांगितलं म्हणून शनिवारी संध्याकाळीच फोन बंद करून आईच्या कपाटात ठेवला. घरात तेवढा एकच फोन आहे.

एक तरी पोर! वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ती रडायला लागली.

मग कळलं, काल चेंबूरला जिल्हा खो-खो संघाची निवड होती. दुपारी चारची वेळ बदलून सकाळी दहाची केली. ही पोरगी कांदिवलीहून आईला घेऊन साडेतीनला पोचली, तेव्हा मैदानात क्रिकेट चालू होतं. दोन वर्षं घाम गाळला होता तिने.

खेळाच्या दशरथ सरांना झापायला गेलो, तिला कळवलं का नाही म्हणून. ते म्हणाले, तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं की.

मेसेज शोधला. शनिवार, रात्री साडेआठ. खाली एकच अंगठा. माझा.