आत्या, मी अजून सर्कलमध्येच आहे

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. हे पत्र मी गाडीत बसून लिहितो आहे, आणि गाडीत साष्टांग घालायचा तर दोन-तीन अंगं खिडकीबाहेर काढावी लागतील.) तुझा गुडघा काय म्हणतो? डोळ्यांतले थेंब वेळेवर घालतेस, की बाटलीवरची तारीख उलटायला आली की एकदम घालतेस? शिकवायची गाडी सकाळच्या गारठ्यात सुरू होते ना? नसेल होत तर जरा दम धर, तिचंही वय झालंय. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी भाचेसून नमस्कार सांगते, म्हणजे सांगत असणारच; तुम्हा दोघींचं दर रविवारी तासभर फोनवर काय चालतं ते मला तूही सांगत नाहीस आणि तीही सांगत नाही. मी खोलीत शिरलो की तिचं बोलणं एकदम हवापाण्यावर येतं.

तुझ्या गेल्या तिन्ही पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न आहे, परत कधी येतोस. दोन वर्षांसाठी म्हणून निघालो, परत आल्यावर तुझं ड्रायव्हिंग स्कूल मी चालवीन असा शब्द दिला, आणि ती दोन वर्षं येत्या महिन्यात भरतात, हे मी विसरलेलो नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच पत्रात देतो. पण कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी एका गाद्यांच्या दुकानासमोर गाडी लावून का बसलो आहे हे आधी सांगितलं नाही, तर ते उत्तर तुला नीट कळायचं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करायच्या. खुर्ची वर जाते आणि पेशंटसकट वरच राहते, मग मला फोन येतो. हत्यारांची पेटी घेऊन दिवसाला चार-पाच दवाखाने करायचे, म्हणजे गाडी आलीच. आपल्याकडचं लायसन्स इथे दोन वर्षं चालतं, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. लायसन्स नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर इथून गाशा गुंडाळा. मी त्या परीक्षेत दोनदा नापास झालो आहे. (हे वाचून तू चष्मा काढला असशील. लाव परत.) तिसरी आणि शेवटची संधी उद्या, गुरुवारी. तुझ्या हाताखालून सोळाशे माणसं पास झाली आणि घरचाच भाचा नापास, हे कुणाला सांगू नकोस. शिंप्याच्या मुलीला तर मुळीच नको. मी निघालो तेव्हा ती तुझ्याकडे क्लच शिकत होती आणि मी तिला उपदेश करत होतो.

नापास का झालो? तर या देशात चौक नाहीत. चौक असायला हवा तिथे एक मोठा गोल आहे. राउंडअबाउट म्हणतात, आपण सर्कल म्हणू. पण आपल्याकडचं सर्कल आणि हे यांचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या सर्कलला निदान एक हवालदार असतो, त्याला बघून आपल्याला आपली चूक कळते. इथे ना दिवा, ना शिट्टी, ना हवालदार. गोलात जो आधीपासून फिरतोय त्याचा मान मोठा, बाकीच्यांनी कडेला थांबून वाट बघायची, आणि हे सगळं लोक निमूटपणे करतात. त्यात इथे सगळं उलट्या बाजूने. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शिकवताना तू बसायचीस त्या जागी मी बसतो, आणि माझी जागा रिकामी. पहिल्या दिवशी मी उजवीकडचं दार उघडून बसलो, पट्टा लावला आणि स्टिअरिंग चोरीला गेलं म्हणून बायकोला हाक मारली. ते जाऊ दे.

पहिल्या सर्कलला मी माणुसकीने वागायला गेलो. येणाऱ्या प्रत्येकाला हाताने 'या, या, आधी तुम्ही' केलं. अकरा मिनिटं झाली तरी 'आधी तुम्ही' संपेना. मागे रांग लागली, पण कुणी हॉर्न वाजवेल तर शपथ! शेवटी मागच्या गाडीतल्या एक आजीबाई चालत आल्या, काचेवर टकटक केली आणि तुम्हाला बरं वाटत नाहीये का म्हणून विचारलं. एवढी लाज मला आयुष्यात कुणी शिव्या देऊन वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी तुझा मंत्र आठवला, 'गाडी थांबली की संपली', आणि घुसलो. घुसलो तो थेट आतल्या रांगेत, आणि तिथून बाहेर पडायला कुणी वाटच देईना. सात फेऱ्या झाल्या. (पुण्य लागावं असं मध्ये काही नव्हतं, एक झुडूप होतं.) तिसऱ्या फेरीला बायको बोलायची थांबली, पाचव्या फेरीला तिने दुपारचा डबा उघडला. झुडूप कापणाऱ्या माळ्याने आधी दुर्लक्ष केलं, मग कात्री खाली ठेवली, आणि सहाव्या फेरीपासून तो आम्हाला ओळख दाखवायला लागला. अजूनही दाखवतो. या गावात स्वतःहून हात करणारा माझा तो एकच स्नेही आहे.

तर तुझा प्रश्न. हो, त्याच्या उत्तराकडे येतोच आहे, पण मध्ये मास्तर आले. इथे गाडी शिकवणारे हे मास्तर आधी शाळेत गणित शिकवायचे. तुझ्यापेक्षा अगदी वेगळे. तू तुझ्या बाजूला बसवलेल्या दुसऱ्या ब्रेकवर उभी राहून ओरडायचीस (आख्खं गाव तुला ब्रेकआत्या म्हणायचं ते उगीच नाही), हे ओरडत नाहीत, डोळे मिटून घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की तुम्ही इंडिकेटर का देत नाही. आता यांना काय सांगू? आपल्या गाडीच्या इंडिकेटरच्या तारा काढून तू हॉर्न जोडला होतास. वळायचं झालं की खिडकीतून हात बाहेर काढायचीस, आणि त्या एकाच हाताचा अर्थ डावीकडे, उजवीकडे, थांबतेय आणि 'भाजीवाले, उभे राहा' असा चारी बाजूंनी व्हायचा. आणि मुळात आपल्या घरात काम होईपर्यंत ते कुणाला सांगायचंच नसतं. आजोबांनी जमीन घेतली ती कुंपण घातल्यावर आजीला कळली. तू ड्रायव्हिंग स्कूल काढलंस ते आजोबांनी रस्त्यात पाटी वाचली तेव्हा त्यांना कळलं. अशा घरातल्या माणसाने आपण कुठे वळणार हे मागच्या अनोळखी माणसाला दिवा लावून सांगायचं म्हणजे अतीच झालं.

पहिली परीक्षा त्यातच गेली. परीक्षक बाई शेजारी, पुढे सर्कल, आणि ऐन तोंडाशी बाईंनी विचारलं, आता तुम्ही कुठे निघालात? आत्या, तुला वेगळं सांगायला नको. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारलं की आजोबा पायरीवरून मागे फिरायचे, पाणी प्यायचे, दहा मिनिटं बसायचे आणि मगच पुन्हा निघायचे. माझ्या हातून आपोआप तेच झालं. गाडी थांबवली, बाटली काढली, दोन घोट पाणी प्यालो आणि स्वस्थ बसलो. बाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हटल्यावर नापास केलं.

दुसऱ्या परीक्षेला मी त्याची भरपाई केली. इंडिकेटर लावला तो गाडी सुरू करतानाच, आणि परत येईपर्यंत बंद केला नाही. एका लॉरीवाल्याने माझ्यावर विश्वास ठेवला. कुणाला लागलं नाही, पण सर्कलभोवती सगळ्या गाड्या अशा काही अडकून बसल्या की माळ्यालाच येऊन मार्ग काढावा लागला. परतताना मास्तरांनी मिटलेले डोळे उघडले. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "अहो, तो दिवा तुमच्यासाठी नाही. तुम्हाला ठाऊकच आहे कुठे जायचं ते. कडेला जो ताटकळत उभा आहे ना, त्याच्यासाठी आहे. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तो बिचारा तिथेच थांबून राहतो." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि त्याचं कारण परीक्षा नव्हतं.

हं, तर तुझा प्रश्न. पण गाद्यांचं दुकान राहिलंच की! या सर्कलची तिसरी वाट दवाखान्याकडे जाते आणि दुसरी नुसतीच या दुकानाच्या अंगणात. मी दर वेळी दुसरीला बाहेर पडतो. दुकानदार भला माणूस. आधी त्याला वाटलं मी गादी बघायला येतो. मग वाटलं, मला ठरवताच येत नाहीये. चौथ्या वेळी तो स्वतः बाहेर आला, खुर्ची दिली, पाठ कुठे दुखते विचारलं. संकोचापायी मी दर खेपेला एक उशी घेतो. घरात आता दोन माणसं आणि नऊ उशा आहेत. म्हणून हल्ली मी कामाला तासभर आधी निघतो, आणि तो तास इथे मोकळा मिळतो. आजही डॉक्टरीणबाईंकडे अकराला पोचायचं आहे. (खुर्ची वर अडकली आहे. पेशंट उतरवला आहे असं त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज तसा वाटला नाही.)

दुकानदार दहावी उशी घेऊन येतो आहे, तेव्हा आवरतं घेतो. गुडघ्याला शेक दे. उद्यासाठी आशीर्वाद दे, आणि तो डाव्या बाजूने दे, कारण मी तिथे बसलेला असेन.

तुझा आज्ञाधारक (सर्कल सोडून),
भाचा

ता. क. हे पत्र काल टाकायचं राहिलं. आज गुरुवार, परीक्षा झाली. सर्कलमध्ये शिरलो, वेळेवर इंडिकेटर दिला, आणि तरी खात्री वाटेना म्हणून तुझ्यासारखा खिडकीतून हातही बाहेर काढला. माळी उठून उभा राहिला. मी तिसऱ्या वाटेने बाहेर पडलो! बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. पास! शेवटी शेरा आहे, 'सूचना गरजेपेक्षा जास्त.'

ता. क. दुसरा. आत्या, तुझ्या प्रश्नाजवळून मी या पत्रात तीनदा गेलो आणि तीनदा पुढे निघून गेलो. आता दिवा लावतो. आम्ही परत येत नाही. आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंनी मला नोकरीत कायम करायचं कबूल केलंय, ते आजच्या निकालावर अडलं होतं. मला हे काम आवडतं, आणि तुझ्या भाचेसुनेलाही इथे आवडतं. हे ठरून चार महिने झाले. मी सांगितलं नाही, कारण तू माझ्यासाठी गाडी झाकून ठेवली असशील, पाटी पुसून ठेवली असशील, आणि मी तुला कडेला नुसतं ताटकळत ठेवलंय हे मला कागदावर बघवेना. आई-बाबांच्या बदल्या होत राहिल्या, तेव्हा तूच मला वाढवलंस. मला तुझी फार आठवण येते. तर मागणं असं, की स्कूल शिंप्याच्या मुलीला देऊन टाक, माझ्यासाठी थांबू नकोस, आणि तू इकडे आमच्याकडे ये. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी बायकोने पत्र वाचलं. वाचून आधी पोटभर हसली आणि मग दर रविवारी तुमचं काय चालतं ते सांगितलं. म्हणजे गेले तीन महिने तुला सगळं ठाऊक आहे. स्कूल तू शिंप्याच्या मुलीला केव्हाच देऊन टाकलंस, पाटीवर तिचं नाव रंगवूनही झालं, आणि तरी मला दर पत्रात 'परत कधी येतोस' विचारत राहिलीस, कारण काय, तर म्हणे 'त्याच्या तोंडून येईपर्यंत मी विचारणार!' धन्य आहे तुझी. आणि येत्या एकवीस तारखेचं इकडचं तिकीटही काढून बसलीस, ते मात्र मला तू इथे पोचल्यावरच कळणार होतं! सोळाशे माणसांना शिकवलंस आणि स्वतः अजून इंडिकेटर देत नाहीस.

घ्यायला मीच येतो. विमानतळापर्यंत तीन सर्कल आहेत. तू पुढेच बस, माझ्या जुन्या जागेवर. तिथे ब्रेक नाही. तरी तुझा पाय दाबला जाणारच, तो दाब. दहा उशा आहेत, एक पायाखाली ठेवतो.