थांबा म्हणणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार

तीर्थरूप मामांना, कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग म्हणजे काउंटरमागे दोन खोक्यांच्या मधे मावेल तेवढा).

माझं आयुष्य बदललं ते सात आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. पण आधी तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं आई म्हणाली, ते बरंच करतात. मी मजेत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "कॉलेजचं काय ठरवलंस?" असं विचारता आणि माझा विषय राहून जातो. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर त्या मंगळवारी आमच्या लॅपटॉपच्या दुकानात एक मुलगी आली. कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी ती खुणांच्या भाषेतले धड्यांचे व्हिडिओ तयार करते. तिने आपला लॅपटॉप काउंटरवर ठेवून चालू केला आणि त्याचा पंखा असा काही घरघरायला लागला की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "नवीन आत्ताच घेऊ की थांबू?" (मामा, माझ्याकडे बघून माझं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं. घरी सगळे माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा सोडतात.) मी म्हणालो, "थांबा."

आता यात माझी काय चूक? तिला ज्या कंपनीचा लॅपटॉप हवा होता ती तुम्हाला माहीत आहे, तुमचा लॅपटॉप तिचाच. बाकीच्या कंपन्या प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, बाहेरून विकत घेतात; ही आपल्या घरचा बनवते. आणि घरचा म्हणून मिजास केवढी! नवा येणार, नवा येणार अशी जगभर हवा करायची आणि कधी येणार विचारलं की तोंडाला कुलूप. कोणी म्हणे महिन्याभरात येतो, दुप्पट वेगाचा, एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. कोणी म्हणे येईल, पण आधी जाडजूड मॉडेलात. पातळ मॉडेलला पंखाच नाही, तेव्हा मांडीवर घेणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. तिसरा म्हणे मेमरी आत पक्की चिकटवलेली, नंतर वाढवायची सोय नाही. शिवाय त्या मुलीचं व्हिडिओ कापायचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे तर खुद्द बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. या सगळ्या काळज्या मी दर मंगळवारी तिला सविस्तर समजावत होतो. ती दर मंगळवारी येत होती. मी दर मंगळवारी शर्टाला इस्त्री करत होतो.

तिसऱ्या आठवड्यात मालकांच्या लक्षात आलं की दुकानातून लॅपटॉप हलतच नाहीयेत. कारण मी एकदा थांबा म्हणायला लागलो तो सगळ्यांनाच म्हणायला लागलो (एकीला थांबवायचं आणि बाकीच्यांच्या गळ्यात मारायचं, हे तत्त्वात बसेना). एक वकील थांबले, एक दाताच्या डॉक्टरीणबाई थांबल्या, एक जोडपं काउंटरवरच भांडलं. नवरा थांबला, बायको समोरच्या दुकानातून घेऊन गेली. मालक म्हणाले, "अरे बाबा, हे दुकान आहे की बस स्टॉप?" आणि मला मागच्या खोलीत कीबोर्डांतली धूळ काढायला बसवलं.

परवा कंपनीचा तो मोठा कार्यक्रम झाला. मी आणि चष्मेवाल्याने दुकानातल्या झाडून सगळ्या पडद्यांवर तो लावला. दीड तास, मामा! दीड तास माणसं स्टेजवर इकडून तिकडे फिरली आणि शेवटी काढलं काय? तोच लॅपटॉप, तोच मेंदू, जांभळ्या रंगात. नव्या प्रोसेसरबद्दल एकच शब्द: "लवकरच." चष्मेवाला म्हणाला, "रंग बरा आहे की." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही.

आणि काल ती आली. मंगळवार नव्हता. तिचा लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. व्हिडिओ दुसरीकडे जपून ठेवलेत, पण बारा धडे कापायचे राहिलेत, शाळेला शुक्रवारी हवेत, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. नवा मागवला तर यायला दहा दिवस, आणि दुकानात उरलेत ते चिठ्ठ्याचपाट्या लिहिण्याच्या लायकीचे. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त म्हणाली, "मग अजून किती थांबू?" मी हातात ब्रश घेऊन उभा.

मामा, माझं डोकं फिरलंय ते त्या कंपनीवर. माणसाला आशेला लावायचं, तारीख द्यायची नाही, त्याची कामं खोळंबली तरी आपल्याला काय, तो दारात येतोय ना! याला माणुसकी म्हणतात? मी कंपनीला चार पानं लिहून पाठवली. लगेच उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा.

मामींना नमस्कार. आईला यातलं काही सांगू नका.

आपला संतापलेला भाचा

ता. क. मुख्य राहिलंच. तुम्ही गेल्या वर्षी थांबत होतात, मीच तुम्हाला घ्यायला लावलं. त्या उत्तम लॅपटॉपवर तुम्ही पत्ते खेळता. शुक्रवारपर्यंत मामींबरोबर खरे पत्ते खेळाल का? पत्र मीच आणून देतोय. तुम्ही वाचेपर्यंत दारात उभा राहीन. कॉलेजचं विचारलंत तरी चालेल, शेवटपर्यंत ऐकून घेईन.

ता. क. २. चौथ्या आठवड्यात तिला हवा तस्साच एक लॅपटॉप दुकानात आला होता. तिचं सॉफ्टवेअर मी त्यावर चालवून पाहिलं; लोण्यासारखं चाललं. मी तो परत खोक्यात घातला आणि खोकं मागच्या खोलीत कपाटामागे सारलं. तिने तो घेतला असता तर पुढच्या आठवड्यात कशाला आली असती? गेल्या आठवड्यात मालकांना खोकं सापडलं. दहा मिनिटांत विकलं त्यांनी. कंपनीला लिहिलेल्या चार पानांत हे नाही.

ता. क. ३. मालक विचारतायत, कामाच्या वेळात काय खरडतोयस? तक्रार, म्हणालो. कोणाविरुद्ध? मला पटकन सांगता येईना. तेव्हा आधी तिच्याकडे जातो, त्या लॅपटॉपचं खरं काय ते सांगतो, मग तुमच्याकडे येतो. तिने हाकलून दिलं तरी तुमचा लॅपटॉप तिलाच द्यायचाय, एवढं कराच. मालक म्हणतायत आत्ता गेलास तर परत येऊ नकोस. पेन त्यांचं आहे. ते काउंटरवर ठेवतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.