पस्तीस मिनिटांत चार कोडी

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
कपाळावर राख घेऊन चर्चमधून आले, तर ग्रेटा टेबलावर डोकं टेकून रडत होती. पोरीला वकिलीला जायचंय. जूनमध्ये प्रवेशपरीक्षा, आणि त्यात पस्तीस मिनिटांत चार तर्ककोडी — कोण कुठे बसेल, कुणाशेजारी कोण नको, असली! आज एकालाच एकोणीस मिनिटं लागली. "आई, हे मला जन्मात जमणार नाही." १६५ गुण पडले तर शिष्यवृत्ती, नाहीतर वकिली विसरायची. मी हायस्कूलपुढे गेले नाही, पण घड्याळ लावून बसता तर येतं!

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
ईस्टरआधीच्या उपवासातली चर्चची मासेतळणी — शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात. सात बायका, सात जागा. लॉइसला दमा — तिला कढईपाशी नको. आयरीन नि बर्निस शेजारी नकोत — कोबीच्या सलाडवरून बर्निसने बोलणं टाकलंय. वीस वर्षं मी हेच तर लावतेय! जिची अडचण मोठी तिला आधी उभी करायची, बाकीच्या आपोआप बसतात.
घरी येऊन ग्रेटाला तेच सांगितलं. खो खो हसली. "म्हणजे हा पेपर बर्निसबाईंनी काढलाय म्हण की!" पण करून पाहिलं — अकरा मिनिटं!

२ मार्च
नऊ. तक्ते चर्चच्या जुन्या पत्रकांच्या पाठीवर काढतो. पुस्तकात तिने लिहिलेली उत्तरं मी रोज रबराने खोडून ठेवते — तेच पुस्तक पुन्हा चालतं.

१६ मार्च
चारही कोडी तीस मिनिटांत, एकही चूक नाही! पूर्ण सराव पेपरात १६६. ग्रेटाने मला उचलून गरागरा फिरवलं. माझी पाठ! देवा, तुझी कृपा.

९ एप्रिल
प्रिंटरवर तिच्या नावचं पत्र पडलं होतं. परीक्षा जूनला नाही, ऑगस्टला. तिनेच बदलून घेतली, १९ मार्चला. कारण ऑगस्टपासून पेपरात कोडीच नाहीत!
तीन आठवडे. रोज सकाळी मी घड्याळ लावतेय, ही समोर बसून सोडवतेय — कशासाठी?
जिन्यात उभी राहून ऐकलं. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "आईला कसं सांगू गं? तिला तेवढाच विरंगुळा आहे."
विरंगुळा! पीठ अर्धं मळलेलं टाकून बसायचे मी.

१० एप्रिल
विचारलं नाही. घड्याळ लावलं. सात मिनिटं दहा सेकंद. "आई, तोंड का असं?" म्हटलं, दाढ दुखतेय. खोटं. तीही बोलतेच की!
व्हर्नला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "मग बरंच झालं, पोरीची कटकट गेली." नवऱ्याला सांगून काय मिळवलं मी?

१४ एप्रिल, रविवार
क्षमेच्या प्रार्थनेला ओठ हलले. नुसते ओठ.

२२ एप्रिल
आजही बोलले नाही.

२४ एप्रिल
ग्रेटाने आपणहून सगळं कबूल केलं. काल नव्या पद्धतीचा सराव पेपर दिला — १५८. "कोड्यांनीच मला तारलं होतं गं आई. वाटलं, ती गेली की सोपं होईल. परत जूनला जाता येईल?" दोघींनी मिळून पाहिलं. तारीख बदलायची मुदत काल रात्री संपली. माझ्या मांडीत डोकं घालून रडली. मी केसांतून हात फिरवत राहिले.

२५ एप्रिल
मुदत त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत छापलेली होती. मी ती नऊ तारखेलाच वाचली होती.