आरोहीची खीर

मुंद्रा, कच्छ
८ सप्टेंबर २००४

उज्ज्वलाअक्का,

लांबूनच तुझ्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा आहे. इथं पाऊस नावालाच, वारा मात्र लई. आधी हॉटेल सोडलं, मग ट्रक सोडला, पण हे विजेच्या टॉवरचं काम मनासारखं आहे. माकडासारखा वर चढतो. वरून समुद्र दिसतो.

तुझं पत्र माझ्या खोलीतल्या सयाजीनं पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याच बाजूचा, बेल्ह्याचा आहे तो. पोटातून जेवू कसं घालतात, त्याला कळेना. मी सांगितलं, आमच्या आरोहीला गिळता येत नाही, घास छातीत उतरायचा, सारखा न्युमोनिया. तीन वर्षांची पोर, अन् अंग वर्षाच्या लेकरासारखं. मग चैत्रात पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला नळी बसवली. तो म्हणाला, "आन मंग?" मग तुझं पत्रच पुन्हा पुढं केलं. अख्खा पावसाळा दवाखाना नाही, गाल भरलेत, दाजींना बघून खदखदून हसते. मान अजून धरत नाही, हेही त्यानं वाचलं. तरी गडी खूश.

मजा तुझ्या सासूबाईंची. पोरीचं पोट फाडू नका म्हणून रुसून बसल्या व्हत्या, आणि आता नळीत जेवण ओतायची सिरिंज कुणाच्या हाती देत नाहीत. ताट पुढ्यात ठेवून आरोहीला सांगतात काय, ही मुगाची आमटी, हा भात. आणि दाजी म्हणे, कारलं घातल्यावर तोंड वाकडं न करणारी अवसरीत ही एकटीच.

आता उष्टावणाचं. राहून गेलेलं दसऱ्याला करायचं, खिरीचं बोट ओठाला लावायचं, बाकीची गाळून नळीतून. डॉक्टर हो म्हणाले, पण भावकी कुरकुरली, नळीतून कसलं उष्टावण. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटात जातंय न्हवं? मग जेवली." आणि मामानंच भरवायचं, मामा आल्याबिगर खीर शिजणार नाही.

मी फोनवर दोनदा म्हणालो, सुट्टी नाही. सुट्टी आहे गं. मुकादम भला माणूस आहे.

मला त्या नळीचं भ्या वाटतं, अक्का. एवढ्या उंचीवर हात कापत नाही. पण माझ्या हातून पोरीला दुखलं, नळी निसटली, तर? ती माझ्याकडं बघून हसत असेल आणि माझाच हात थरथरत असेल. फोनच्या बूथवर मागं माणसं उभी असतात, तिथं हे बोलता येईना.

सयाजीला बोललो तर तो पोट धरून हसला. मग मेडिकलमधून सिरिंज आणली, बाटलीच्या बुचात बारीक नळी खोचली अन् मला चहा ओतायला बसवलं. "दमानं, पावणं. उंच धरा, आपसूक उतरंल." पहिला सगळा चहा त्याच्या धुतल्या शर्टावर. काल एक थेंब सांडला नाही.

सोनार वाटी-चमच्याचा जोड दाखवत होता. वाटी घेतली, चमच्याऐवजी पैंजण घेतले. जेवताना पाय उडवते, असं लिहिलंस ना.

तांदूळ आईकडून आणून ठेव, आपल्या घरचाच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंचरला उतरतो. सिरिंज मीच धरीन. तू फक्त तुझा हात माझ्या मनगटाखाली असू दे.

तिला भूक ठेवायला सांग.

आरोहीचा मामा,
भागू