मूठ परत पोत्यात

सात रस्ता, सोलापूर
५ जानेवारी २०२६

चि. शिवलीला हिस आप्पाचे आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा राग वितळतो, म्हणून मुद्दाम पत्र लिहितोय. तुझ्या संशोधनाच्या बोटीवरच्या फोटोत तुझ्या हातात बाटली होती अन् तीत स्पिरिटमध्ये मेलेला जीव. अव्वा म्हणाली, खोल समुद्रातलं पोवळं हाय ते, झाडाची फांदी समजा. पण पोवळं म्हणजे प्राणी, हे तूच मला शिकवलंस की. आपल्या घरात अंडं येत न्हाय. गळ्यात इष्टलिंग अन् हातात असलं काम, मला लई लागलं बघ. ही नोकरी सोड.

अव्वानं कडक भाकरी अन् शेंगाचटणी पाठवलीय, ती मात्र खा. माझ्या रागाचा डब्याशी संबंध न्हाय.

तुझा आप्पा,
चनमल्लप्पा


गोवा बंदर
१२ जानेवारी

ती. आप्पांस शरणु शरणार्थी. वि. वि.

भाकरी बोटीवरच्यांनी दोन दिवसांत संपवली. आप्पा, आठशे मीटर खाली उजेड पोचत नाही. तिथं आम्ही केबलनं यंत्र सोडतो अन् वर बसून पडद्यावर बघतो. तिथलं एखादं पोवळं आपल्या सिद्धेश्वर तळ्याहून म्हातारं असतं. बोटभर तुकडा घेतला तर त्याचं वय कळतं, अन् मग तिथं जाळी ओढू नका, असं सांगता येतं. तुम्ही पोत्यात परखीची पोकळ नळी खुपसून मूठभर ज्वारी बघता, तसंच.

सव्वीसला बोट निघेल. यंत्राचा हात पहिल्यांदाच मी चालवणार आहे. तुम्ही नको म्हणालात तर घरी येईन, पण मग माझं कशातच मन लागणार नाही.

माया असू द्या, राग थोडा कमी करा.

तुमची शिवलीला


सोलापूर
१९ जानेवारी

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

ज्वारीला दुखत न्हाय, शहाणे. तरी दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन दुकानात बसलो. काल मंगळवेढ्याचा माल आला, परखी खुपसली अन् हात थांबला. बाकीचे व्यापारी नमुन्याची मूठ बाजूला ठेवून घेतात. मी चाळीस वर्षं ती परत पोत्यात टाकतो, लोक हसतात.

जा तू. पण लागेल तेवढंच घे, अन् परत ठेवता येईल ते ठेव. आशीर्वादाला अट घालू नका, असं अव्वा म्हणते. मी घातलीय.

तुझा आप्पा


गोवा बंदर
९ फेब्रुवारी

ती. आप्पांस शरणु शरणार्थी. वि. वि.

माझ्या हातून चूक झाली. बोटभर तोडायचं होतं, हातभर फांदी तुटली. पेटीत ठेवणार तोच दिसलं, तिला वेटोळं घालून सापासारख्या लांब हातांचा एक समुद्रतारा बसलाय. हे जन्मभर एकाच पोवळ्यावर राहतात. आमच्या मोहिमेच्या साहेबांना तोही हवा होता. मी यंत्राच्या हातानं फांदी परत पोवळ्याला टेकवून धरली. वीस मिनिटं साहेब माझ्या मागं उभे राहून घड्याळ बघत होते. मग समुद्रताऱ्याचा एक हात सरकला, दुसरा सरकला, अन् तो आपल्या घरी गेला.

साहेब रागावले. मी म्हटलं, आमच्या दुकानात मूठ परत टाकतात. पण फांदी काही जोडता आली नाही, आप्पा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुमची शिवलीला


सोलापूर
१४ फेब्रुवारी

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

अव्वाला पत्र दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मलाच वाचवेना, तिनं चष्मा लावून पुरं केलं. माझ्या पहिल्या परखीनंही पोतं फाटलं होतं, पोरी. जेवत जा.

आता पत्र नको, फोन कर. वितळायला राग उरला न्हाय.

तुझा आप्पा